या उन्हाळ्यात मी गॉलवेतच राहणार

नाशिकला परत आल्यापासून आमच्याकडे संध्याकाळी पालक येऊन बसतात. मुलगा किंवा मुलगी आयर्लंडला शिकायला निघालेली असते आणि त्यांना विचारायचं असतं, कुकर न्यावा का, गरम कपडे इथून घ्यावेत की तिथे, उन्हाळ्यात कॉलेज बंद झाल्यावर मुलांनी राहायचं कुठे. मी सांगते. कुकर न्या, शिट्टी जास्तीची न्या. इथले स्वेटर नेऊ नका, तिथल्या वाऱ्याला ते पुरत नाहीत. छत्री घरीच ठेवा, कारण गॉलवेतला पाऊस वरून पडत नाही, बाजूने येतो. मुलं फोनमध्ये टिपून घेतात. मग निघताना, दारात चपला घालता घालता, त्या मुलाची आई हळूच विचारते, "मॅडम, पण तुम्ही या वयात गेलात कशा?"

हे मी त्या आईसाठी लिहिते आहे. मुलांना त्यांच्या फोनवर सगळं सापडतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायचे. समुद्रकडा, सागरी गुहा, कमान, स्तंभ, या आकृत्या फळ्यावर इतक्या वेळा काढल्या की डोळे मिटूनही काढीन. प्रत्यक्ष समुद्राशी संबंध वर्षातून एकदा, सहलीपुरता, आणि तेव्हाही मी समुद्राकडे पाठ करून मुलं मोजत उभी असायचे. हे गेले, त्यानंतर मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि गॉलवेच्या विद्यापीठात किनाऱ्यांच्या अभ्यासाचा एक वर्षाचा मास्टर्स करायला अर्ज केला. प्रवेश मिळाला. नातेवाईक म्हणाले, "मुलाकडेच जायचंय ना? मग अ‍ॅडमिशनचं नाटक कशाला?" माझा मुलगा मंदार डब्लिनमध्ये सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे मी काहीही म्हटलं तरी लोकांच्या डोक्यात मी नातवाला सांभाळायलाच निघाले होते. मी कुणाला समजावत बसले नाही. ते काम मी वर्गात पुष्कळ केलं होतं.

सँट्री

सप्टेंबर २०२०. विमानतळाजवळच सँट्रीला मंदारचा फ्लॅट. बाहेरून आलेल्या माणसाने दोन आठवडे वेगळं राहायचं असा नियम होता, म्हणून मी त्यांच्या छोट्या खोलीत दार लावून बसले. सूनबाई शलाका दाराबाहेर ताट ठेवायची आणि टकटक करून मागे सरायची. नातू इशान पाच वर्षांचा. तो दाराखालच्या फटीतून चित्रं सरकवायचा. मी मराठीत विचारायचे, "हा कोण रे?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "दॅट्स यू, आजी. यू'र इन जेल."

दोन आठवडे संपल्यावर मंदार म्हणाला, "आई, लेक्चर्स सगळी ऑनलाईनच आहेत. इथूनच कर. गॉलवेला जाऊन खोलीतच बसायचंय ना?"

"समुद्र ऑनलाईन नाही," मी म्हटलं, आणि बसमध्ये बसले.

तेव्हा तो हसला होता. त्याला वाटलं, हौस आहे, हिवाळा आला की उतरेल.

गॉलवे

हिवाळ्याबद्दल फार सांगत नाही. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, असा बराच काळ हुकूम होता, आणि माझ्या पाच किलोमीटरांत समुद्र होता. चार वाजता अंधार पडायचा. विद्यार्थ्यांच्या वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये मी आणि ईफा अशा दोघी होतो. ईफा केरी जिल्ह्यातल्या ट्रलीची, तेवीस-चोवीस वर्षांची, उंच, लाल केसांची, आणि बोलायची इतकी भरभर की पहिला महिना मी नुसती मान डोलवायचे. पहिल्याच दिवशी मी विचारलं, कपबशा कुठे ठेवू? म्हणाली, "इन द प्रेस." मी बराच वेळ वर्तमानपत्र शोधत होते. तिथे कपाटाला प्रेस म्हणतात. "युअर मॅन" म्हणजे आपला माणूस नव्हे, तर 'तो गडी', कुणीही. बस चुकली, पाऊस आला, कुणी पायाचं हाड मोडून घेतलं, की कसं आहे विचारायचं आणि उत्तर ऐकायचं: "ग्रँड." त्याचा अर्थ आवाजावरून लावायचा असतो.

स्वयंपाकघर सामायिक असतं, हे आधी समजून घ्या. मी पहिल्यांदा फोडणी दिली आणि छतावरचा धुराचा भोंगा कोकलला. सगळी इमारत पावसात बाहेर उभी. दुसऱ्या दिवशी कुणीतरी दारावर चिठ्ठी लावली की उग्र वासाचं काही शिजवू नये. मी ती काढली, खिडकी उघडली, आणि त्याच दिवशी पुन्हा आमटी केली, फक्त तेल कमी तापवून. ईफाला दोन वाट्या दिल्या. तिने तिसरी मागितली. माझा सल्ला हा: खिडकी उघडा, पण फोडणी सोडू नका.

मे महिना उजाडला. झाडांना पालवी, दहा वाजेपर्यंत उजेड, जिल्ह्याबाहेर जायची बंदी उठलेली. आणि वसाहतीच्या ऑफिसातून ईमेल आला की महिनाअखेर सगळ्यांनी खोल्या रिकाम्या कराव्यात. त्या वर्षी कुणी परदेशी जाऊ शकत नव्हतं, म्हणून सगळा आयर्लंड सुट्टीला आयर्लंडमध्येच निघाला होता, आणि आमच्या खोल्या त्या पाहुण्यांना द्यायच्या होत्या. मला प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं की ऑगस्टअखेर राहता येईल. प्रबंध तर उन्हाळ्यातच करायचा होता. ईफाचंही तेच होतं.

विद्यापीठाच्या गावात उन्हाळा काढायचा असेल, तर माझ्या सगळ्या सल्ल्यांमध्ये हा पहिला धरा: उन्हाळ्यातलं राहणं सप्टेंबरातच पक्कं करा, आणि तोंडी नको, लेखी. मी तोंडीवर राहिले होते.

ऑफिसच्या व्यवस्थापक नोरा. वाईट बाई नव्हत्या, थकलेल्या होत्या. काचेपलीकडून म्हणाल्या, "तुमचा मुलगा डब्लिनला आहे ना? मग तुमचा प्रश्न सुटलेलाच आहे."

मी म्हटलं, "माझा मुलगा म्हणजे माझी खोली नव्हे."

त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. आत एका वेळी एकालाच परवानगी होती. मी बाहेर आले आणि ऑफिसच्या पायरीवर बसले. आमच्या कॉलेजात पगार रखडले तेव्हा आम्ही ठिय्या दिला होता, त्यामुळे मला बसायची सवय होती. डबा होता, थर्मास होता, वाचायचं होतं. दुपारी पाऊस आला, मी जाकिटाची टोपी वर घेतली. संध्याकाळी ऑफिस बंद झालं, मी नोराबाईंना गुडनाईट म्हटलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथेच.

ईफा मला विचारायला आली, "तू नक्की काय करते आहेस?"

"बसले आहे."

"एवढंच?"

"एवढंच. भांडायचं नाही, ओरडायचं नाही, उठायचं नाही."

तीही माझ्या शेजारी, दोन मीटर सोडून, बसली. तिसऱ्या दिवशी एक नायजेरियन मुलगी आणि एक चिनी मुलगा बसला. त्यांनाही जायला जागा नव्हती. येणारे-जाणारे विचारायला लागले. नोराबाई एकदा बाहेर येऊन म्हणाल्या, "सर्दी होईल तुम्हाला." मी त्यांना चहा ओतून दिला. त्यांनी तो घेतला, आणि उभ्याउभ्याच प्यायल्या.

त्या आठवड्यातच त्यांनी आम्हा चौघांना मागच्या बाजूचा तळमजल्याचा फ्लॅट दिला. कचऱ्याच्या पेट्यांना लागून, खिडकीतून भिंत दिसणारा, पाहुण्यांना देण्यासारखा नव्हताच. पण ऑगस्टअखेरपर्यंत, आणि लेखी.

जूनमध्ये मंदारचा फोन आला. जुलै-ऑगस्ट इशानची शाळा बंद. तो आणि शलाका दोघंही घरून काम करणार, दोघांच्या मीटिंगा एकाच वेळी. "आई, दोन महिन्यांचाच प्रश्न आहे. तू इथे ये, इशान झोपला की लिही."

इशान झोपला की लिही. मी नंतर कळवते म्हणून फोन ठेवला. नातवाची ओढ मला नव्हती असं कुणी समजू नये. दाराच्या फटीतून आलेली त्याची चित्रं मी गॉलवेला बरोबर आणली होती. पण मंदार झोपला की मी पेपर तपासले, मंदार झोपला की बी.एड. केलं, त्याचे वडील झोपले की त्यांच्या औषधांच्या वेळा बघितल्या. कुणीतरी झोपल्यावर उरलेल्या वेळात मी बरंच आयुष्य बसवलं होतं. हा एक उन्हाळा मला दिवसाउजेडी हवा होता.

मी परत फोन केला आणि म्हटलं, "नाही जमणार."

तो मग "ओके" म्हणाला. त्याचं ते ओके मला त्याच्या लहानपणापासून माहीत आहे. त्यानंतर काही दिवस आमचं बोलणं म्हणजे जेवलीस का आणि पाऊस आहे का, एवढंच.

सिल्व्हरस्ट्रँड

गॉलवेच्या पश्चिमेला, बार्नाच्या वाटेवर, सिल्व्हरस्ट्रँड नावाची छोटी पुळण आहे. तिच्या कडेला जो कडा आहे तो खडकाचा नाही. हिमनदी वितळताना मागे टाकून गेली, त्या माती-गोट्यांच्या टेकडीचा तो कापलेला काठ. शेंगदाणे घातलेल्या लाडवासारखा दिसतो, मातीत गोटे रुतलेले. समुद्र तो दर हिवाळ्यात थोडा खातो. तो किती आणि कुठून खातो, हा माझा प्रबंध. मी कड्याच्या वर लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या आणि खुंटीपासून कड्याच्या काठापर्यंतचं अंतर टेपने मोजत होते. पायथ्याचे नमुनेही घ्यायचे असत, म्हणून काम ओहोटीतच करायचं; भरतीला खालची वाळू पूर्ण पाण्याखाली जाते आणि लाट थेट कड्याला लागते.

पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा मी फळ्यावर काय काढत होते याचं हसू आलं. माझ्या आकृतीतला समुद्रकडा सरळ आणि स्वच्छ होता. हा ओला, भुसभुशीत, वास येणारा. त्याच्यातून गोटे सुटून खाली पडत होते आणि पडताना ठक्क असा आवाज येत होता. जमीन जाते म्हणजे अशी जाते, ऐकू येत जाते. मुलांना मी हा आवाज कधी सांगितलाच नव्हता.

दुपारी पोहायला लोक येत. आजीच्या वयाच्या बायका झगे काढून हिवाळ्याइतक्या गार पाण्यात शिरत आणि एकमेकींशी बाजारातल्यासारख्या गप्पा मारत. आमच्याकडे या वयाची बाई समुद्रावर गेली तर साडी घोट्यापर्यंत उचलून परत येते. एकदा मीही उतरले, सलवार-कुडता घालून, मानेपर्यंत. श्वास अडकला, मग सुटला. बाजूची एक बाई म्हणाली, "पहिल्या मिनिटाला शिव्या द्यायच्या, मग ग्रँड." मी मराठीत दिल्या. खरंच ग्रँड वाटलं.

जुलैच्या मध्यावर एका सकाळी, खाली गोट्यांचे नमुने घेताना, शेवाळलेल्या दगडावरून पाय सरकला आणि मी डाव्या हातावर पडले. हात लगेच सुजला. पाणी अजून लांब होतं, पण भरतीकडे वळलेलं होतं. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका बाईने मला उठवलं, माझी पिशवी उचलली, आणि गाडीच्या सगळ्या काचा खाली करून, दोघींच्या तोंडाला मास्क, मला हॉस्पिटलात नेऊन सोडलं. कुत्रा वाटभर माझ्या खांद्यावर मान ठेवून होता.

म्हणून दुसरा सल्ला: किनाऱ्यावर एकटं जाऊ नका, आणि जाताना कुणालातरी सांगा. मी ईफाला सांगितलं होतं, पण ती होती कामावर.

एक्स-रे झाल्यावर पडद्यामागून तरुण डॉक्टर आली. माझं नाव वाचलं आणि म्हणाली, "काकू, मराठी का?" मिरजेला शिकलेली, नुकतीच स्लायगोहून इथे बदलून आलेली. मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर चढवता चढवता तिने सगळं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "मुलगा डब्लिनला असताना तुम्ही इथे एकट्या, हे काही बरोबर नाही हं काकू."

"तुमची आई कुठे असते?"

"मिरजेला."

"कुणाबरोबर?"

"एकटीच," ती म्हणाली. प्लास्टर बांधून झालं. जाताना तिने स्वतःचा नंबर दिला आणि म्हणाली, "दुखलं तर फोन करा. न दुखता केलात तरी चालेल."

मंदारला मीच फोन केला. शनिवारी सकाळी तो, शलाका आणि इशान गाडीने आले. गाडी लागली तेव्हा मी दारात गेले आणि मागच्या काचेतून दिसलं, डिकी पूर्ण रिकामी होती. सुट्टीच्या दिवशी लहान मूल घेऊन निघालेल्यांची डिकी कधी रिकामी नसते. ते माझं सामान न्यायला आले होते.

मंदारने खोली बघितली, भिंत बघितली, माझा हात बघितला. "आई, आता पुरे झालं. एका हाताने तू करणार काय? केस कोण बांधतं तुझे?"

"ईफा बांधते."

"जेवण?"

"मी करते. ईफा चिरून देते."

"आम्हाला तुझी गरज आहे, हे तुला कळतच नाही का?" त्याचा आवाज चढला नव्हता, फुटला होता. इशान शलाकाच्या मागे गेला.

मी त्याला बसायला सांगितलं. म्हटलं, "कळतं. म्हणून तर नाही म्हणताना जड जातं. तू पुण्याला शेवटच्या वर्षाला होतास, तेव्हा आत्याच्या मुलीचं लग्न होतं. सगळे म्हणत होते मंदारला बोलवा. मी बोलावलं?"

"नाही."

"का?"

"माझी परीक्षा होती."

"आता माझी आहे."

बाहेर कचऱ्याची गाडी आली, पेट्या आदळल्या, गेली. मंदार उठला आणि खिडकीपाशी उभा राहिला. तो पटला होता असं मी म्हणणार नाही. आजही, मला वाटतं, त्याला ते पूर्ण पटलेलं नाही.

शलाका म्हणाली, "ओहोटी किती वाजता आहे?"

त्या रात्री ते गावातच राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे सिल्व्हरस्ट्रँडला गेलो. एका हाताने टेप धरता येत नव्हती, म्हणून एक टोक शलाकाने धरलं. मंदार वाचून सांगत होता आणि फोनमध्ये टाकत होता, आधी मख्ख चेहऱ्याने, मग एका खुंटीपाशी तो थांबला. "आई, मागच्या वेळचा आकडा बरोबर आहे ना? काठ इतका जवळ आला?" मी म्हटलं, बरोबर आहे. त्याने पुन्हा मोजलं. मग तो कड्याच्या काठापासून एक पाऊल मागे सरला, आणि इशानला हाक मारून त्यालाही मागे घेतलं.

खाली वाळूवर टेप गुंडाळता गुंडाळता शलाका मला म्हणाली, "मीपण एक कोर्स अर्धवट सोडला होता, आई. डेटा सायन्सचा. इशानच्या वेळी."

"तुझ्या आईला यायचं होतं ना तेव्हा?"

"व्हिसा नाही झाला. मग म्हटलं, जाऊ दे." ती हसली. तिचं ते हसू मला बरं वाटलं नाही.

"त्याच्या अ‍ॅडमिशन कधी सुरू होतात?" मी विचारलं.

तिने टेपचं टोक डब्यात नीट बसवलं.

इशान गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा होता. "आजी, इट्स फ्रीझिंग," तो ओरडला. मी म्हटलं, मग बाहेर ये. तो म्हणाला, "नो, इट्स ग्रँड."

दुपारी ते निघाले. इशानसाठी त्यांनी पुढे अर्ध्या दिवसाचं शिबिर शोधलं, उरलेला अर्धा दिवस दोघांनी मीटिंगा वाटून घेतल्या. ओढाताण झाली, पण झालं. माझा प्रबंध ऑगस्टअखेर गेला आणि पास झाला. हे सगळं नंतरचं. त्या दुपारी गाडीत बसताना कुणालाच यातलं काही ठाऊक नव्हतं.

मंदारने डिकी उघडली, आत बघितलं, बंद केली. स्टिअरिंगवर बसून त्याने काच खाली केली आणि शेवटचं म्हणून विचारलं, "म्हणजे तू येत नाहीस, हे नक्की?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागच्या सीटवरून शलाका म्हणाली, "नाही येत त्या. चल, उशीर होतोय."

गाडी वळून दिसेनाशी झाली. मी आत आले. ईफाने चहाचं विचारलं, मी हो म्हटलं. बूट मात्र काढले नाहीत. संध्याकाळी पुन्हा ओहोटी होती, आणि उजेड दहापर्यंत.